दुचाकीला वीज जोडताना : प्रस्तावना

घरच्या साध्या सायकलीस अथवा अडगळीत पडलेल्या मोटारसायकलीस विजेची मोटर व बॅटरी जोडून ती माफक खर्चात, होता होईल तो आपल्याच हाताने, चालती करावी अशी इच्छा मनात धरून ज्या वाचकांनी हे पुस्तक उघडले असेल, त्यांना आरंभीच एक गोष्ट सांगून टाकणे मला अवश्य वाटते; ती ही की, या विद्येचा फार मोठा भाग कोल्हापूरच्या हातांना पूर्वीपासूनच अवगत आहे, आणि जो थोडा भाग अवगत नाही, तोच नेमका जिवावर बेतणारा आहे. पत्रा कापणे, भोक पाडणे, आटे काढणे, चाकाचा आउट काढणे ही कामे येथील पोरे मिसरूड फुटण्यापूर्वी शिकतात. विजेचा प्रवाह मात्र डोळ्यांना दिसत नाही; बॅटरीच्या पोटातील रसायन बिघडले तरी त्याचा आवाज होत नाही; आणि कायद्याची मर्यादा ओलांडली गेल्याचे रस्त्यावर कोणी अडवीपर्यंत ध्यानात येत नाही. पहिली चार प्रकरणे वाचताना येथे यंत्रापेक्षा हिशेबच फार आहे अशी तक्रार ज्यांच्या मनात येईल, त्यांनी एवढे कारण लक्षात घ्यावे.

कोल्हापुरातील शिवाजी उद्यमनगराच्या गल्ल्यांतून कामाच्या वेळी पायी जाणाऱ्या माणसास ओतकामाच्या वाळूचा जळका वास येतो, लेथवरून उतरणारा पोलादाचा निळसर, वळणदार कीस दाराबाहेर साठलेला दिसतो, आणि एखाद्या उघड्या फाटकातून पाहिले तर ऑइल इंजिनाचा, पंपाचा किंवा उसाच्या चरकाचा कसला तरी सुटा भाग चिमट्यात धरून कोणीतरी त्यावर कानस चालवीत असतो. शेतीला पाणी हवे, उसाला चरक हवा, चरकाला इंजिन हवे, आणि इंजिन बिघडले की त्याचा भाग परगावाहून येईपर्यंत गुऱ्हाळ थांबवून चालत नाही, या निकडीतून हा धंदा वाढला. पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल येथे मोठ्या औद्योगिक वसाहती झाल्या, तरी नमुना समोर ठेवला की त्याबरहुकूम वस्तू करून देणारा मिस्त्री हाच या धंद्याचा पाया राहिला. दुचाकीस वीज जोडण्याच्या कामाला अशा मिस्त्रीची पदोपदी गरज पडते, कारण बाजारातून आणलेला संच कोणत्याही एका सायकलीस तंतोतंत बसत नाही. मागच्या चिमट्याची रुंदी कमी पडते, बॅटरीच्या पेटीला बैठक लागते, ब्रेकचा दांडा मोटरच्या कवचाला घासतो. आणि या प्रत्येक अडचणीचे उत्तर कंपनीच्या पत्रकात न सापडता उद्यमनगरातील एखाद्या बाकड्यावर सापडते.

आपल्या मुलखात सायकल आणि वीज यांचे नाते जुने आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १८८८ साली जो उद्योग आरंभिला तो सायकलींचा होता. लोखंडी नांगर त्यानंतर आला, औंध संस्थानच्या हद्दीतील किर्लोस्करवाडी १९१० साली वसली, आणि विजेच्या मोटरी करणारा त्या घराण्याचा बंगळूरचा उद्योग तर १९४६ सालचा. सायकलीपासून विजेच्या मोटरीपर्यंत पोहोचावयास एका कर्तबगार घराण्याला ५८ वर्षे लागली. त्या दोन वस्तू आज एकाच चाकाच्या मध्यभागी, बैलगाडीच्या चाकात ज्यास आपण तुंबा म्हणतो व सायकलवाले ज्यास हब म्हणतात त्या ठिकाणी, एकत्र येऊन बसल्या आहेत. ही कल्पना देखील नवी नाही. अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन यास ३१ डिसेंबर १८९५ रोजी जे पेटंट मिळाले त्यातील आकृतीत मोटर मागच्या चाकाच्या तुंब्यातच बसविलेली दिसते. तेव्हा मोटर होती, सायकल होती, केवळ हलकी बॅटरी नव्हती; शिशाच्या जड पेट्या वाहून नेण्यातच निम्मे बळ खर्ची पडत असे. लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने बाजारात आणली, तिच्या पायाभूत संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना २०१९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि मधल्या काळात मोबाइल व लॅपटॉप यांच्या खपामुळे ती इतकी स्वस्त झाली की बोल्टनची आकृती कोल्हापूरच्या एखाद्या शिक्षकाला किंवा दूधवाल्याला परवडू लागली.

महाराष्ट्रात या दिशेने जे प्रयत्न झाले त्यांत फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेतील डॉ. अनिल राजवंशी यांचे काम मला सर्वांत आदरणीय वाटते. गेल्या शतकाच्या अखेरीस, विजेच्या दुचाक्यांचा गाजावाजा सुरू होण्याच्या पुष्कळ आधी, त्यांनी सायकलरिक्षा हा विषय हाती घेतला. पायडलची रिक्षा हलकी व सोयीची करून पाहिली, तिला मदतीपुरती मोटर जोडली, आणि पूर्णपणे विजेवर चालणारी रिक्षाही तयार केली. मोटरीबरोबर मूळ वाहनही सुधारण्याचे हे शहाणपण नवशिक्याने उचलण्यासारखे आहे. जे वाहन पायांनी नीट चालत नाही त्यास मोटर जोडली तर मोटरही नीट चालत नाही. गंजलेली साखळी, कोरडे छर्रे, कमी हवेचे टायर आणि आउट झालेले चाक यांवर जी शक्ती वाया जाते ती बॅटरीतूनच जाते, व बॅटरीतील प्रत्येक वॅट-तासाला आपण रोख पैसे मोजलेले असतात. म्हणून या पुस्तकातील पहिले प्रात्यक्षिक वंगणाचे आहे.

माझी स्वतःची सुरुवात मात्र अशी वंगणाने झाली नाही. वडिलांची २८ इंची काळी सायकल घरी होती. तिच्या मागच्या चाकात मी २५० वॅटची मोटर बसविली, नट हाताच्या अंदाजाने आवळले, आणि तिसऱ्याच दिवशी शिवाजी पुलाकडून गावात येणाऱ्या चढावर मूठ पूर्ण पिळली. मागून एक करकर आवाज आला, काहीतरी कडाडले, आणि सायकल जागच्या जागी थंड झाली. उतरून पाहतो तो चाकाचा आस चिमट्याच्या खाचेत गरगर फिरून खाचेची कड फाकली होती, आणि आसाच्या पोकळीतून बाहेर येणाऱ्या तारा पिळलेल्या फडक्यासारख्या आसाभोवती गुंडाळल्या जाऊन त्यांचे आवरण फाटले होते. तारा एकमेकींस चिकटल्याने, मोटरीला जाणारी वीज आवरणारा कंट्रोलरही जळाला. सायकल ढकलीत मी उद्यमनगरात एका वयस्क टर्नरकडे नेली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, खाचेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "सायेब, चाक फुडं फिरतंय ते तुमास्नी दिसतंय. पन तेवढ्याच जोरानं आस मागं फिरतोय, त्येला कोन धरनार?"

शाळेत शिकलेला न्यूटनचा तिसरा नियम मला त्या दिवशी समजला. तुंब्यातील मोटरीत चुंबके बाहेरच्या कवचाला असतात व तारेची वेटोळी मधल्या आसावर पक्की असतात. कवच ज्या जोराने पुढे ढकलले जाते त्याच जोराने आस मागे रेटला जातो, आणि आसाच्या दोन सपाट बाजू व चिमट्याची खाच यांवाचून त्यास अडविणारे दुसरे काही नसते. सामान्य सायकलीच्या खाचेवर असा भार कधी पडतच नाही, म्हणून ती त्या बेताने केलेलीही नसते. त्या टर्नरनी दोन सुती पट्टीचा एक वीतभर तुकडा घेतला, त्यात दहा मिलिमीटरची खाच पाडली, आणि मग जवळजवळ पाऊण तास केवळ कानशीने घासणे चालले. चार हात मारावेत, पट्टी आसावर चढवून पाहावी, ती दाराकडे धरून फटीतून उजेड येतो का ते निरखावे, पुन्हा चार हात मारावेत. उजेड येईनासा झाला तेव्हा त्यांनी पट्टीचे दुसरे टोक चिमट्याच्या दांड्याला क्लिपने आवळून दिले. यास टॉर्क आर्म म्हणतात. बाजारात तो तयार मिळतो, परंतु त्यात नि आसात केसभर जरी मोकळीक राहिली तरी चालू-बंद होताना आस ठोके देतो व दिवसेंदिवस खाच रुंदावत जाते; ती उजेडाची परीक्षा मी तेव्हापासून प्रत्येक सायकलीवर केली आहे. जळालेल्या कंट्रोलरकडे बोट दाखवून मी त्यांना त्याविषयी विचारले, तेव्हा त्यांनी मान हलवली. "डोळ्याला दिसतंय तेवढं आमचं. ह्ये न दिसनारं कसं मापायचं, ते तुमी सांगा." हे पुस्तक लिहिण्याचे बीज त्या प्रश्नात आहे.

न दिसणारे मोजावयाचे म्हणजे काय, हे एका उदाहरणाने दाखवितो. कोल्हापूर ते पन्हाळा हे अंतर सुमारे २० किलोमीटर, आणि पन्हाळा शहराहून ४०० मीटरच्या आसपास उंच. स्वार, सायकल व बॅटरी मिळून १०० किलो वजन धरले, तर ते नुसते उचलून गडावर ठेवावयास सुमारे ११० वॅट-तास लागतात. ही निसर्गाची आकारणी आहे. तीत सूट नाही. रस्त्याचे घर्षण व वाऱ्याचा विरोध यांसाठी, बेताच्या वेगाने गेल्यास, आणखी ९०-९५ धरावेत. आणि मोटर व कंट्रोलर आपल्या वाट्याचा चतुर्थांश उष्णतेच्या रूपाने खातात असे मानले, तर बॅटरीतून २७० वॅट-तास निघून जातात. बाजारात नेहमी मिळणारी ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ३६० वॅट-तास. पायडल न मारता पन्हाळ्यास पोहोचता येईल असे कागद म्हणतो. प्रत्यक्षात वाघबीळ ओलांडून खरा घाट लागला की मोटरचा फेरा मंदावतो, आणि तुंब्यातील मोटर मंद फिरू लागली की घेतलेल्या विजेचा मोठा भाग गती होण्याऐवजी ऊब होतो. चढावर मधे उतरून मोटरच्या कवचाला हात लावून पाहावा. हात टेकवत नसेल तर तेथेच सावलीला बसावे. स्वार पायडल मारीत राहिला तर वेग टिकतो, मोटर थंड राहते, आणि बॅटरीवरचा भार शंभरेक वॅट-तासांनी उतरतो. सायकलीची पायडले काढून टाकू नयेत असे मी जागोजागी का लिहिले आहे, याचे उत्तर या घाटात आहे.

हाच हिशेब पैशांचाही करावा लागतो, आणि येथे पुष्कळ जण आपलीच फसवणूक करून घेतात. बॅटरी एकदा पूर्ण भरण्यास अर्ध्या युनिटहून कमी वीज लागते. युनिट १० रुपयांना धरले तरी चारपाच रुपयांचे काम. एवढाच आकडा सांगून विक्रेते थांबतात. परंतु बॅटरी झिजते, आणि घसारा न मांडणारा जमाखर्च खोटा असतो. १२,००० रुपयांची बॅटरी ८०० वेळा भरून संपली असे धरू, तर प्रत्येक भरणीमागे १५ रुपये घसाऱ्याचे झाले; म्हणजे ३० किलोमीटरच्या फेरीस २० रुपये, किलोमीटरला ६५-७० पैसे. शंभरी ओलांडलेले पेट्रोल व लिटरला ५० किलोमीटर जाणारी मोटारसायकल यांच्याशी ताडून पाहता हा खर्च तृतीयांश पडतो, आणि तेवढा लाभ खरा आहे. धूर मात्र नाहीसा होत नाही, तो दूर जातो. महाराष्ट्रातील वीज आजही मोठ्या प्रमाणावर कोळशाचीच आहे. तरी शहराच्या गल्लीतून धूर जावा आणि शंभर किलोचे वाहन अत्यल्प विजेवर चालावे, हे मला थोडे वाटत नाही.

बॅटरीविषयी माझी ताकीद कडक आहे, व ती कोणाला जाचक वाटली तरी मी ती सैल करणार नाही. ३६ व्होल्टच्या लिथियम-आयन बॅटरीत दहा घट एकामागे एक जोडलेले असतात. प्रत्येक घट पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टवर थांबला पाहिजे, म्हणजे एकूण दाब ४२ व्होल्टच्या वर जाता कामा नये, आणि त्यांतील एखादा घट जरी मागे-पुढे झाला तरी त्याची दखल घेऊन प्रवाह तोडणारे पहारेकरी मंडल, ज्यास बीएमएस म्हणतात, ते पेटीत असलेच पाहिजे. जुन्या लॅपटॉपांच्या बॅटऱ्या फोडून त्यांतील १८ मिलिमीटर व्यासाचे व ६५ मिलिमीटर लांबीचे घट गोळा करावयाचे व त्यांचीच बॅटरी बांधावयाची, हा मोह तरुणांना फार होतो, कारण ते घट भंगाराच्या भावाने मिळतात. कोणता घट किती थकला आहे हे बाहेरून कळत नाही, आणि थकलेला घट ताज्या घटांच्या रांगेत बसविला की सर्वांचा ताण त्याच्यावर येतो. पहिली बॅटरी तयार, दाखल्यासह व हमीसह विकत घ्यावी. शक्य असल्यास लिथियम-लोह-फॉस्फेट जातीची घ्यावी. ती थोडी जड असते, पण उष्णतेला अधिक सोसते व अधिक वर्षे टिकते. काम करताना हातातील कडे व बोटातील अंगठी काढून ठेवावी, कारण उघड्या दोन टोकांवर पाना पडला तर तो जागीच वितळून चिकटतो, आणि त्या जागी कडे असेल तर मनगट असते. २०२२ च्या उन्हाळ्यात विजेच्या स्कूटरी पेटल्याच्या बातम्या देशभर आल्या, व त्यानंतर सरकारने बॅटऱ्यांच्या चाचणीचे नियम अधिक कठोर केले; कारखान्यांतून तपासून निघालेल्या वाहनांची जर ही कथा, तर घरच्या ओट्यावर बांधलेल्या पेटीविषयी किती दक्षता हवी, याचा विचार वाचकानेच करावा.

विशेषतः जुन्या पेठांतील वाड्यांमधून राहणाऱ्यांस माझी विनंती आहे की, जिन्याखाली अथवा एकमेव दाराच्या तोंडाशी बॅटरी भरावयास लावू नये. दोन अँपिअरच्या चार्जरने तिला पाचसहा तास लागतात. तो वेळ जागेपणीचा असावा. लिथियमची बॅटरी पेट घेऊ लागली तर घरगुती उपायांनी ती विझेल या भरवशावर कोणी राहू नये, माणसे बाहेर काढावीत आणि अग्निशमन दलास बोलवावे.

आपल्याकडे पाण्याचाही विचार तितकाच करावा लागतो. २०१९ च्या ऑगस्टात व २०२१ च्या जुलैत पंचगंगेचे पाणी शाहूपुरीच्या सखल भागात ज्यांनी पाहिले आहे त्यांना अधिक सांगावयास नको. पाण्यात बुडालेली बॅटरी वरून सुकली तरी आतील मंडलावर गंज चढत राहतो, आणि अशी बॅटरी 'चालते का पाहू' म्हणून भरावयास लावणे हा शुद्ध अविचार होय. पेटी सहज काढता येईल अशीच बसवावी, म्हणजे पुराची वर्दी येताच ती माळ्यावर नेता येते. नित्याच्या पावसासाठी एक लहानशी युक्ती पुरते: मोटरकडे जाणाऱ्या तारेला आसाजवळ खालच्या अंगाने थोडा झोल द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी ठिबकते, आसाच्या पोकळीत शिरत नाही. मुसळधार पावसाच्या गगनबावड्याच्या बाजूला राहणाऱ्यांनी तर हे विसरूच नये.

आता कायद्याविषयी. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार, ज्या विजेच्या दुचाकीच्या मोटरची अर्धा तास सतत देता येणारी शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आहे, जिचा वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आहे आणि जिचे वजन बॅटरी वगळता ६० किलोपेक्षा अधिक नाही, ती मोटार वाहन गणली जात नाही. तिला नोंदणी व परवाना लागत नाही. तथापि नीट ब्रेक, पुढे पांढरा व मागे तांबडा परावर्तक, आणि नियम १२६ खालील तपासणी संस्थेची मान्यता याही अटी त्याच तरतुदीत आहेत. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही अशीच एक संस्था. म्हणून संच घेताना मान्यतेचा कागद मागून घ्यावा, बिलासह तो दफ्तरी ठेवावा, आणि कंट्रोलरची वेगमर्यादा उठविणारी ती एक पांढरी तार, जी तोडली की सायकल ताशी ३५ ने पळते असे मित्र सांगतात, तिला हात लावू नये. सायकलीचे ब्रेक, चिमटा व चाकाच्या तारा ताशी ३५ साठी केलेल्या नसतात. रॉड ब्रेकची तर पावसात २० चीही खात्री देता येत नाही.

मोटारसायकलीचे प्रकरण याहून सर्वस्वी वेगळे आहे, आणि ते पुस्तकाच्या उत्तरार्धात ठेवण्याचे कारण हेच की, सायकलीवर एक पावसाळा काढल्याखेरीज त्याकडे कोणी वळू नये. मोटारसायकलीस किलोमीटरमागे ३५ वॅट-तासांच्या आसपास लागतात. ६० किलोमीटरचा पल्ला हवा तर २,१०० वॅट-तासांची, म्हणजे सायकलीच्या सहापट बॅटरी लागते, आणि तिचा दाब बहुधा ७२ व्होल्ट असतो. साठ व्होल्टच्या वरचा एकदिश प्रवाह अंगाला धोकादायक समजला जातो. ३६ व्होल्टवर झालेली चूक तार जाळते, ७२ वर झालेली चूक माणसालाही सोडत नाही. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकास परस्पर करता येत नाही. पेट्रोलच्या गाडीस वीज जोडावयाची तर त्या नमुन्यासाठी मान्यता मिळालेला संच, तो बसविण्याचा अधिकार असलेला कारागीर, परिवहन कार्यालयाची मंजुरी व नोंदणीपुस्तकातील दुरुस्ती, आणि विमा कंपनीस वर्दी, एवढ्या गोष्टी लागतात. ठाण्याच्या गोगोए-वन या कंपनीचा हिरो स्प्लेंडरसाठीचा असा संच २०२१ साली चर्चेत आला. त्याची किंमत ३५,००० रुपये व बॅटरी निराळी, असे तेव्हा जाहीर झाले होते. हा मार्ग खर्चाचा आहे, पण रस्त्यावर जावयाचे असेल तर तोच मार्ग आहे. ज्याला स्वतःच मोटर, साखळी, कंट्रोलर यांची जुळणी करून शिकावयाचे आहे त्याने ते अवश्य करावे, मात्र ती गाडी शेताच्या बांधावर किंवा कारखान्याच्या आवारात चालवावी. एमएच ०९ ची पाटी लावून ती दाभोळकर चौकात आणू नये. हे सांगताना मला समाधान वाटत नाही. येथील मिस्त्रीला आपल्या जुळणीची माफक शुल्कात तपासणी करून घेता येईल अशी तजवीज सरकारने जिल्ह्याच्या ठिकाणी करावी, अशी माझी मनापासून मागणी आहे; तपासणीची दारे केवळ मोठ्या कंपन्यांना उघडी आहेत तोवर आमच्या उद्यमनगराचे कसब फाटकाच्या आतच फिरत राहील.

मी दुसऱ्यांसाठी जी पहिली सायकल केली ती वडणग्याहून गंगावेशीत दूध घेऊन येणाऱ्या एका मामांची. कॅरिअरच्या दोन्ही अंगांना किटल्या, त्यामुळे बॅटरी पुढच्या त्रिकोणात बसवावी लागली. तारा जोडताना मोटर थरथरे पण फिरेना. मोटर व कंट्रोलर यांना जोडणाऱ्या तीन जाड व तीन बारीक तारांचे रंग जुळले तरी क्रम जुळेलच असे नसते. त्यांच्या एकंदर ३६ जोडण्या होतात, त्यांतील तीन चाक सुरळीत पुढे फिरवितात, तीन तितक्याच सुरळीत मागे, आणि उरलेल्या सर्व अडखळतात. चाक उचलून, मूठ किंचित पिळून, एकेक जोडणी वहीत लिहीत आम्ही संध्याकाळपर्यंत बसलो. अकराव्या जोडणीला चाक मुकाट्याने फिरू लागले. महिन्याभराने मामा भेटले तेव्हा मी बॅटरीची चौकशी केली. ते म्हणाले, "पाय चालत्यातच की अजून. पन गुडघं बोलत न्हाईत." मदतीपुरती मोटर या कल्पनेची याहून चांगली व्याख्या मला करता आलेली नाही, आणि तीच मी तिसऱ्या प्रकरणाच्या शीर्षस्थानी घातली आहे.

पुस्तकातील आकृत्या मी स्वतः काढल्या आहेत. त्या सुबक नाहीत, परंतु मापे तपासून घातली आहेत. तारांचे तक्ते शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील विद्यार्थ्याला जसे वाचता येतील तसेच, मोटर व कंट्रोलर समोर ठेवून उलगडतील असे, मांडले आहेत. शब्दांच्या बाबतीत दुकानात जे बोलले जाते तेच ठेवले. कंट्रोलरला संस्कृत प्रतिशब्द देऊन वाचकाला दुकानदारासमोर अडचणीत आणण्याची माझी इच्छा नव्हती.

ज्या टर्नरनी मला ती पट्टी घासून दिली, त्यांच्या कारखान्यात गेल्या खंडेनवमीस मला बोलावणे आले. लेथ पुसून लख्ख केला होता, चक, व्हर्नियर, कानशी, पाने असे सर्व पाटावर मांडून हळदकुंकू वाहिले होते, झेंडूची माळ टेलस्टॉकवरून खाली आली होती. "तुमचं त्ये मापायचं यंत्र आनलंय न्हवं?" त्यांनी विचारले. मी पिशवीतून मल्टिमीटर काढून दिला. त्यांनी तो कानशीच्या शेजारी ठेवला, त्याला कुंकू लावले, आणि आरती झाल्यावर स्वतःच उचलून त्याचा खटका फिरवला. दाराशी माझी सायकल उभी होती. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी तांबडी व काळी टोके बॅटरीस टेकविली, आकडा स्थिर होईपर्यंत श्वास धरून थांबले, आणि मग खडू घेऊन लेथमागच्या भिंतीवर, जेथे त्यांची जॉबची मापे लिहिलेली असतात तेथे, तारखेखाली ४१.६ असे लिहून ठेवले.

कोल्हापूर